सासूबाईंच्या अंगावरचं तळं

आमचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, गेल्या महिन्यात गेले. भेटायला आलेला प्रत्येक माणूस खुर्चीत टेकल्यावर पहिलं वाक्य तेच म्हणायचा, माझा फोटो त्यांनीच काढला होता. त्यात नवल काही नाही. आमच्या भागात ज्याला म्हणून चेहरा आहे, त्याचा फोटो आजोबांनीच काढलेला. पण दुसऱ्या वाक्याला सगळ्यांचा आवाज खाली यायचा, हनुवटी गळ्याशी, भुवया वर, आणि समोर बाळ झोपलंय अशा बेतानं सगळे आजोबा व्हायचे: "घाई कुणाला आहे? श्वास सोडा. अजून सोडा. आता कसे माणसासारखे दिसताय." बँकेतल्या साहेबांनी हे करून दाखवलं तेव्हा ते आजोबा वाटले नाहीत, दमेकरी वाटले. नळवाले काका मात्र बरेच जवळ आले. दोन "श्वास"च्या मधली फट त्यांना सापडलीय.

आजोबांचं दुकान दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत काउंटर, बाक, आरसा, आणि आरशाला सुतळीनं बांधलेला कंगवा, कारण सुट्टा कंगवा तिथं टिकत नसे. एका भिंतीवर रंगवलेला पडदा होता. त्यावर बाग, बागेत जिना, आणि जिना कुठंच जात नाही. मागची खोली डार्करूमची. तिच्या खिडकीच्या काचांना काळा रंग आणि दारावर आजीच्या जुन्या चादरीचा दुपदरी पडदा.

फोटोला बसणारा माणूस सोबत एक उसना चेहरा घेऊन येतो, असं आजोबांचं म्हणणं. लग्न जुळवायचं असेल तर गोडगोड, नोकरीचा अर्ज असेल तर इस्त्री केलेला. तो चेहरा ओढून काढता येत नाही, आपोआप गळून पडायची वाट बघावी लागते. म्हणून "हसा" असं त्यांनी जन्मात कुणाला सांगितलं नाही. कॅमेऱ्यामागे नुसते उभे राहायचे. समोरचा आधी ताठ व्हायचा, मग अवघडायचा, मग वैतागून श्वास सोडायचा, आणि नेमका तेव्हाच खटका पडायचा.

तळ्यावरही तेच. गावाबाहेरच्या तळ्याकाठी पत्र्याच्या डब्यावर बसून ते गळ टाकायचे आणि पाण्यावरच्या बुचाकडे बघत राहायचे. बूच बुडालं की काठी उचलायची, एवढाच तो खेळ. पण आजोबांची सकाळची प्रार्थनाही तिथंच व्हायची, आणि डोळे मिटून देवाचं नाव घ्यायचं की उघडे ठेवून बूच सांभाळायचं, हा त्यांच्या आयुष्यातला एकमेव धार्मिक पेच होता. तो त्यांनी एक डोळा मिटून सोडवला. फोटोवाल्याला त्याची सवय असतेच. प्रार्थनाघरातले एक वडीलधारे गृहस्थ एकदा हे बघून खाकरले होते. ते खाकरल्याशिवाय कुठलंच वाक्य सुरू करत नसत, म्हणजे रस्त्यावरून त्यांचा घसा ऐकू आला की लोक आधीच उभे राहायचे. आजोबा त्यांना म्हणाले, मिटलेला देवासाठी आणि उघडा घरासाठी, कारण दुपारी जेवायला मासा लागतो.

आता पणजीकडे येऊ. पणजी म्हणजे आजीची आई, आजोबांची सासू. तिचं बोलणं असं, की साधं "दार लावा" म्हटलं तरी फर्मान वाटावं. जावयाच्या फोटोंबद्दल तिची तक्रार नव्हती, पोट त्यावर चालत होतं. तक्रार माशांची होती. चारचौघांत विचारायची, जावईबापू तासन्‌तास पाण्याकडे बघत बसतात, पाणी काय नाटक करून दाखवतं? आणि जावई फोटोवाला असूनही तिनं स्वतःचा एकही फोटो काढू दिला नव्हता. मी कशी दिसते हे ज्यांना बघायचंय त्यांनी घरी यावं, मी घरीच असते, हे तिचं उत्तर.

मग पणजीच्या सगळ्यात धाकट्या मुलीचं लग्न ठरलं. ही आजीची बहीण, आईची मावशी, म्हणून आमची मावशीआजी. तिनं हट्ट धरला की लग्नाच्या दिवशी आईसोबत एक फोटो हवाच. दोन दिवस अबोला धरला, जेवणाचं ताट मागे सारलं. शेवटी पणजी कबूल झाली. एक. दोन नाही.

लग्नाच्या दिवशी आजोबा पहाटेच तळ्यावर गेले. एवढ्या माणसांचे उसने चेहरे एका दिवसात उतरवायचे म्हणजे आधी डोकं शांत हवं. आजी म्हणाली, अहो, आज तरी नको. ते म्हणाले, आत्ता येतो. घरी येऊन कपडे बदलायला वेळ नाही मिळाला तर काय, म्हणून निघतानाच त्यांनी लग्नाचा कोट चढवला होता. सगळा घोळ त्या कोटात आहे.

चांगला कॅमेरा त्यांच्याकडे एकच. त्यात तळ्यासाठी वेगळं रीळ आणि कामासाठी वेगळं. रीळ पूर्ण व्हायच्या आधी काम निघालं तर आजोबा ते उलटं गुंडाळायचे, टोक मात्र बाहेर ठेवायचे, म्हणजे नंतर तेच रीळ परत घालून पुढं वापरता येतं. वापरलेल्याची खूण म्हणून टोकाचा कोपरा दुमडायचा. मासेमारीच्या कोटात डावा खिसा वापरलेल्यांचा, उजवा कोऱ्यांचा. लग्नाच्या कोटाला बाहेरचा खिसा एकच. त्या पहाटे उजेड फार सुरेख होता, आजोबांनी तळ्याचे फोटोंवर फोटो काढले, मग गळाला एक दांडगा मासा लागला, त्याचेही काढले. रीळ गुंडाळून, कोपरा दुमडून खिशात टाकलं. प्रार्थनाघराच्या पायऱ्यांवर पाहुण्यांच्या गर्दीत तेच रीळ हाताला लागलं. टोक दुमडलेलं दिसलं. खिशात चुरगळलं असेल म्हणून त्यांनी ते अंगठ्यानं नीट सरळ केलं आणि कॅमेऱ्यात भरलं. धांदरट माणसाच्या हातून ही चूक झाली नसती. त्यानं सरळ केलंच नसतं.

पणजीचा फोटो त्याच रिळावर निघाला. दारापाशी दोन खुर्च्या मांडल्या, एकीवर नवरी, एकीवर पणजी, अंगावर करड्या रंगाची शाल. पणजी समोर अशी बघत होती की कॅमेऱ्यानंच श्वास रोखावा. आजोबा नेहमीच्या आवाजात म्हणाले, "घाई कुणाला आहे?"

"मला," पणजी म्हणाली.

लोक हसले, आणि त्या हसण्याला पणजीचं तोंडही अर्धं हललं. खटका पडला. एक. दोन नाही.

दुसऱ्या दिवशी आजोबा डार्करूममधून बाहेर आले ते हात न पुसताच. आजीनं विचारलं, काय झालं? ते म्हणाले, "लग्न तळ्यात झालं."

बाकीची रिळं स्वच्छ होती. पण पहिल्या रिळावर प्रत्येक फोटोत दोन फोटो. नवरानवरी पाण्यावरून चालतायत. नवऱ्याच्या मामांच्या ओठांवर त्या दांडग्या माशाची शेपटी आडवी, भरघोस मिशीसारखी. (मामांना हा फोटो फार आवडला, त्यांनी प्रत मागून नेली. खऱ्या मिशीचं त्यांना कधी जमलं नव्हतं.) आणि पणजी पाण्याखाली. खांद्यातून लव्हाळं उगवलेलं, कपाळावर गळाचं बूच, आणि जिथं चेहरा हवा तिथं नुसतं चकाकणारं पाणी. शेजारची नवरी बरीच कोरडी राहिली होती, पण नवरीचे दुसरे फोटो होतेच.

आजोबा सासूकडे गेले आणि खरं काय ते सांगून टाकलं. पणजीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, म्हणजे शेवटी मलाही पाण्यात बसवलंच. परत एकदा बसता का, असं आजोबांनी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा उत्तर आलं, एक म्हणजे एक. आणि काही आठवड्यांनी पणजी झोपेतच गेली.

मावशीआजीला तोपर्यंत कुणी काही सांगितलं नव्हतं. आई गेल्यावर तिनं फोटो मागितला. आजोबांनी लपवाछपवी न करता तिच्यापुढं ठेवला. तिनं बराच वेळ बघितला, त्यात आई शोधली, आणि एकच शब्द बोलली. "मुद्दाम."

तिचं म्हणणं, आई माशांवरून टोमणे मारायची त्याचा हा सूड. आजोबांनी असं काही केलं नाही हे आतून तिलाही माहीत असणार, पण तो शब्द एकदा तोंडातून गेला तो गेला. त्यानंतर ती आजोबांशी बोलायची बंद झाली. म्हणजे बोलायची, पण आजीमार्फत. एकाच टेबलाशी, हातभर अंतरावर: ताई, तुझ्या नवऱ्याला सांग, खिडकी लाव. आजी बिचारी मान वळवून सांगायची, अहो, खिडकी लावा. आजोबा उठून खिडकी लावायचे आणि आजीला सांगायचे, लावली म्हणून सांग. आमची आई तेव्हा शाळेत होती. ती हे तिघांच्या आवाजात इतकं हुबेहूब करते की आजीला ओरडावं लागतं, पुरे.

प्रार्थनाघरातले ते वडीलधारे घरी आले, खाकरले, आणि म्हणाले की झालं ते देवाची इच्छा म्हणून सोडून द्यावं. आजोबा देवाबद्दल कधी उलट बोलत नसत. त्या दिवशी बोलले. "देवाची इच्छा असती तर रीळ त्यानं भरलं असतं. रीळ मी भरलं." आणि त्यांच्यासाठी चहा ठेवायला उठले.

चहा उकळेपर्यंत त्यांचं ठरलं होतं. पणजी त्या फिल्मवर होती, कुठं गेली नव्हती. फक्त तिच्यावर तळं होतं. तळं काढलं की सासूबाई उरतील. आता तळं काढायचं कसं? आजीला त्यांनी हे भाकरीच्या दोन तव्यांनी समजावलं म्हणे, आणि ती आम्हाला ते कशानेही समजावू शकत नाही, पण थोडक्यात असं: तळ्याचा तोच फोटो परत काढायचा. अगदी तोच, तीच जागा, तोच उजेड, तेच पाणी. मग त्याची उलटी फिल्म बनवायची, ज्यात उजळ ते काळं आणि काळं ते उजळ, आणि ती बिघडलेल्या फिल्मवर तंतोतंत ठेवायची. तळं तळ्याला खाऊन टाकेल. हे सगळं होईपर्यंत गळाला हात लावायचा नाही, असं त्यांनी देवाला सांगितलं. आजी म्हणते, देवाला सांगितलं ते ठीक, मला मासळीवाल्याकडून आणायला लागलं त्याचं काय?

रोज पहाटे आजोबा तळ्यावर. पत्र्याचा डबा त्याच दगडाला टेकवायचा, त्यावर बसायचं, कॅमेरा गुडघ्यावर, कारण त्या दिवशी तो गुडघ्यावर होता. सायकल दुरुस्तीवाला त्यांचा तळ्यावरचा सोबती. तो आठ दिवस गप्प राहिला, मग त्याला राहवेना. तळ्याचा पासपोर्ट काढताय काय, कुठं चाललंय ते?

कुठं चाललं नव्हतं, पण खाली चाललं होतं. पाण्यात एक जुना लाकडी खांब होता आणि खांबाला गंजका खिळा. लग्नाच्या पहाटे पाणी बरोबर खिळ्याला लागलेलं होतं, फोटोत दिसत होतं. आता खिळा पार वर उघडा पडलेला. तळ्याचा राखणदार दार उघडून पाणी सोडायचा. आजोबांनी त्याला विनवलं की थोडे दिवस सोडू नकोस. राखणदार प्रत्येक शब्द रबरासारखा ताणतो: "साऽहेब, पाऽणी फोटोसाठी नसतं हो. पिण्यासाठी असतं." हे आजोबांना पटलं. सासू कितीही मोठी असली तरी गावाला तहानलेलं ठेवता येत नाही. म्हणून ते पाणी परत चढायची वाट बघत बसले. लव्हाळं कापायला माणसं आली तेव्हा मात्र त्यांनी खांबाजवळचा एक पुंजका सोडवून घेतला. त्या बदल्यात कापणाऱ्यांच्या सगळ्या कुटुंबाचे फोटो काढून दिले, सगळ्यांचे श्वास सोडवून.

दुकान चालू होतं. लग्नं, बारशी, शाळेच्या पोरांचे गट. कामात कसूर नाही. सुट्टीच्या दिवशी प्रार्थनाघरातली बाकंही तेच लावायचे, नेहमीसारखी. फक्त माणूस जरा वाळला.

एक अडचण उरली होती ती बुचाची. फोटोत बूच होतं, म्हणजे पणजीच्या कपाळावर होतं. ते तिथं परत यायला कुणीतरी दोरी टाकायला हवी, आणि आजोबांचे दोन्ही हात कॅमेऱ्याला. तेव्हा आजी पुढं झाली. तिनं जन्मात गळ टाकला नव्हता. दोरीला आकडा न लावता, नुसतं बूच बांधून तिनं काठावर सराव सुरू केला. आजोबा डब्यावरून सांगायचे, थोडं डावीकडे. आजी सांगायची, मी डावीकडेच टाकतेय, तळं उजवीकडे सरकतंय. आठवडाभरात ती आजोबांपेक्षा नेमकं टाकायला लागली. सायकलवाल्यानं हे बोलून दाखवलं, म्हणून आजोबा त्याच्याशी सबंध सकाळ बोलले नाहीत.

पाणी चढलं, पण खिळा बुडवून वर गेलं. मग उतरायची वाट. खिळ्याला लागलं तेव्हा वारा होता. वारा पडला तेव्हा ढग होते. एका पहाटे सगळं जमलं आणि बदकं आली. आजी म्हणाली की आता तरी पुरे करा, तिला मी समजावते, बहीण माझी आहे. आजोबा म्हणाले, तुझी बहीण आहे, पण चेहरा मी बुडवलाय.

मग एक सकाळ आली. पाणी खिळ्याला, वारा नाही, उजेड समोरच्या काठाला नुकता लागलेला. आजीनं बूच टाकलं. तळ्यावर एक वर्तुळ उठलं, मोठं झालं, विरलं. आजोबांनी पाण्याला श्वास सोडू दिला आणि खटका दाबला. मग लगोलग बरेच.

पुढचं सगळं डार्करूममध्ये. दोन फिल्मा काचेवर एकीवर एक ठेवायच्या आणि सरकवत राहायचं. केसाएवढं इकडे गेलं की सासूबाईंना दोन नाकं, केसाएवढं तिकडे गेलं की कान पाण्यात. कितीतरी कागद वाया गेले. दारावरच्या पडद्याबाहेरून आजी जेवायला हाका मारायची, आतून उत्तर यायचं, आलो. कुणी यायचं नाही. आणि एका दुपारी आजोबा ओला कागद दोन बोटांत धरून बाहेर आले. त्यावर पणजी होती. जरा फिकट, पण पूर्ण. कपाळ कोरडं.

मावशीआजी शिवणकाम करायची. आजोबा फोटो घेऊन तिच्याकडे गेले तेव्हा ती मशीनवर होती. पुढचं ती स्वतः सांगते, आणि आजोबांचा आवाज काढताना ती एकटीच अशी आहे की नक्कल करत नाही, हळू होते.

तिनं फोटो घेतला. पाय मशीनवर तसेच राहिले, चाक आपसूक थांबलं. बघितलं, खिडकीशी नेऊन बघितलं.

"ही हसतेय," ती म्हणाली.

आजोबांनी मान हलवली.

"कशाला हसली?"

त्या दिवशी ती नवरी होती, शेजारी आई काय बोलली हे तिच्या कानांवर पडलंच नव्हतं. आजोबांनी सांगितलं. घाई कुणाला आहे विचारलं, तर म्हणाल्या, मला.

मावशीआजी सांगते, हे ऐकल्यावर रडायला यायच्या आधी तिला हसू आलं आणि मग दोन्हीचा गोंधळ झाला. गोंधळ निवल्यावर तिनं विचारलं, "भाऊजी, हे शालीवर काय आहे?"

शालीवर, डाव्या खांद्याशी, दोनचार बारीक लाटा उरल्या होत्या.

"पाणी," आजोबा म्हणाले. "तेवढं जात नाही. काढायला गेलो की त्यांच्या गालाची सुरकुतीही जाते."

"मग राहू द्या. सुरकुती हवी." तिनं फोटो कापडाच्या घडीवर ठेवला. "ताईला दिला?"

"आधी तुला."

"तिलाही हवा. दादालाही." दादा म्हणजे या दोघींचा थोरला भाऊ.

आजोबांनी समजावलं की हे साध्या प्रतीसारखं नाही. प्रत्येक कागदाला दोन्ही फिल्मा नव्यानं जुळवाव्या लागतात, केसाएवढं सरकलं की संपलं, आणि डोळे आता पहिल्यासारखे राहिले नाहीत.

"मग जुळवा," ती म्हणाली, आणि मशीनवर झाकण घातलं. "मी येते. चूक झाली तर सांगीन. आईचं नाक तुमच्यापेक्षा मला जास्त माहीत आहे."

दोघं चालत दुकानात आले. आजी काउंटरवर होती. तिनं सवयीनं दोघांमध्ये उभं राहून तोंड उघडलं, आणि आपल्याला सांगण्यासारखं काही उरलं नाही हे कळून परत मिटलं. लाल दिव्याखाली मावशीआजी ट्रेवर वाकली. आधी केस आले, मग शाल, मग खुर्चीची पाठ. चेहरा सगळ्यात शेवटी. पहिल्या प्रतीत डोळे पुसट आले, आणि आजोबा कागद चुरगळायला गेले, तर तिनं तो त्यांच्या हातून काढून घेतला, दोरीवर चिमट्यानं लावला आणि म्हणाली की हा माझा, घरी ठेवलाय तो ताईला, दादासाठी दुसरा करा. आजोबांनी चष्मा पुसला, दोन्ही फिल्मा परत काचेवर ठेवल्या आणि तिला विचारलं, "आता बघ. इकडे घेऊ की तिकडे?"